पुण्यात कोवर्किंगची जागा काढताय? आधी आवाजाचा नकाशा काढा

पुण्यात हल्ली कोणाच्या हाताशी थोडी मोकळी जागा आली की म्हणतात कोवर्किंग टाकू, म्हणजे सीटवार भाड्याने द्यायचं सामायिक ऑफिस, आणि लगेच इंटिरियरवाल्याला फोन. मग भिंतीवर निऑनमध्ये एखादं प्रेरणादायी वाक्य, छताला लोंबणारे पिवळे बल्ब, प्लास्टिकचं हिरवं गवत, एक टेबल टेनिस. फोटोत झकास दिसतं सगळं. तीन महिन्यांनी जाऊन बघा, माणसं कानात हेडफोन कोंबून एकमेकांवर धुसफुसत बसलेली असतात, कारण एकाच हॉलमध्ये एक जण अमेरिकेच्या क्लायंटशी तारस्वरात बोलतोय, शेजारची मुलगी व्हॉइसओव्हर रेकॉर्ड करायला शांत कोपरा शोधतेय आणि तिसरा सकाळपासून न सापडलेल्या बगपायी डोकं धरून बसलाय. तिघांचीही चूक नाही, जागेची चूक आहे. म्हणून माझं म्हणणं एवढंच की डेस्क किती मावतात ते मोजायच्या आधी कोण किती आवाज करणार आणि कोणाला किती शांतता लागणार ते कागदावर काढा, बाकीचं सगळं त्याच्या मागून येतं.

काढायचं कसं? तुमच्याकडे येणारी माणसं धंद्यानुसार लिहू नका, आवाजानुसार लिहा. कोडरला दोन-दोन तास सलग शांतता लागते पण दिवसातून एक-दोन कॉल असतातच. चार जणांचं छोटं स्टार्टअप दिवसभर बडबडतं, आणि त्यांनी बडबडायलाच हवं. व्हिडिओ एडिटर दिवसभर हेडफोनमध्ये, पण क्लायंट आला की स्पीकरवर रिव्ह्यू. सबटायटल करणारे, अनुवादक, इलस्ट्रेटर हे लोक मुके, त्यांना फक्त त्रास देऊ नका. पॉडकास्टवाले आणि व्हॉइसवाले यांना पूर्ण शांतता लागते आणि ते स्वतः मात्र मोठ्याने बोलतात. म्हणजे कोडर विरुद्ध आर्टिस्ट अशी वाटणी करून काही उपयोग नाही, मुका कोडर आणि मुकी इलस्ट्रेटर एका खोलीत वर्षभर सुखाने बसतील.

आता समजा तुमच्याकडे १८०० चौरस फूट जागा आहे. कार्पेट म्हणतोय मी, म्हणजे भिंतींच्या आतली; मालक जिना-लॉबीचा वाटा धरून सुपर बिल्टअप सांगेल तो आकडा कानाआड करा आणि स्वतः टेप लावून मोजा. पॅन्ट्री, टॉयलेट, ये-जा सगळं धरून माणशी साधारण ६० चौरस फूट धरलेत तर ३० सीट बसतात, ४० चौरस फुटाने ४५ बसतात पण मग शेजाऱ्याच्या स्क्रीनवरचा ईमेल वाचता येतो. दारापासून आत जाताना आवाज कमी कमी होत गेला पाहिजे. दाराशी पॅन्ट्री, मोठं टेबल, टीमच्या केबिन, फोन बूथ म्हणजे एकट्याने कॉल घ्यायची बंद खोकी. मधे कुजबुज चालेल असा भाग, हॉट डेस्क इथे, म्हणजे जो आधी येईल त्याची टेबलं. सगळ्यात आत मुकी खोली, जिथे फोन उचलणंसुद्धा बंद. आणि मुक्या खोलीतून टॉयलेटचा रस्ता जाता कामा नये, हे प्लॅनवर कोणाच्या लक्षात येत नाही आणि नंतर दर पाच मिनिटांनी चपला फटफटत कोणीतरी जातंच.

आवाज अडवणं आणि आवाज शोषणं

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात म्हणून जरा सविस्तर. आवाज खोलीबाहेर जाऊ न देणं हे एक काम आणि खोलीतला घुमार कमी करणं हे वेगळं काम. भिंतीला चिकटवायचा तो काळा टोकदार फोम फक्त घुमार कमी करतो, पलीकडच्या खोलीतला आवाज त्याने थांबत नाही, आणि अंड्याच्या ट्रेने तर दोन्ही होत नाही, फक्त झुरळं येतात. आवाज अडवायला वजन लागतं आणि फट बुजवावी लागते. जिप्सम पार्टिशन करणार असाल तर दोन्ही बाजूंना दोन-दोन बोर्ड, मधे रॉकवूल म्हणजे दगडाच्या तंतूंची लादी, आणि पार्टिशन फॉल्स सीलिंगपाशी न थांबवता वरच्या स्लॅबपर्यंत न्यायचं. हे कॉन्ट्रॅक्टर करत नाहीत, उभं राहून करून घ्यावं लागतं, कारण सीलिंगच्या वरून आवाज आरामात पलीकडच्या केबिनमध्ये उतरतो आणि मग एकाच्या पगाराची वाटाघाट दुसऱ्याला ऐकू येते.

त्यानंतर दार. पोकळ दार नको, भरीव फ्लश डोअर घ्या, चौकटीला तिन्ही बाजूंनी रबर गॅस्केट आणि खाली फट बुजवणारं सील. फ्रेमलेस काचेचं दार दिसायला छान, पण दोन काचांच्या मधली ती बोटभर फट सगळ्यावर पाणी फिरवते. तपासायला मशीन लागत नाही. आत फोनवर बातम्या नेहमीच्या बोलण्याच्या आवाजात लावा, दार लोटा, बाहेर खुर्ची टाकून बसा. काहीतरी पुटपुट ऐकू आली तर ठीक, शब्द कळले तर कॉन्ट्रॅक्टरचा शेवटचा चेक थांबवा.

घुमार कमी करणं मात्र स्वस्तात जमतं. रिकाम्या हॉलच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा, मागे झण्ण असं शेपूट राहिलं तर छत आणि दोन भिंतींवर काम करायला लागेल. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून पट्ट्या आणून सुताराकडून लाकडी चौकटी करून घ्यायच्या, चार फूट बाय दोन फूट, त्यात दोन इंचाचं रॉकवूल, वरून आधी पातळ न विणलेलं कापड म्हणजे तंतू उडून अंगाला खाज सुटणार नाही, आणि त्यावर खादी किंवा कुठलंही हवा जाऊ देणारं कापड ताणून बसवायचं. असे पॅनल छताला टांगले तर आणखी बरं, कारण हॉलमधलं सगळ्यात मोठं मोकळं कडक पृष्ठभाग तेच असतं. तयार विकत घेतलेल्यापेक्षा दिसायलाही चांगले आणि रंग तुमच्या मनाचा.

फोन बूथ दर आठ-दहा माणसांमागे एक धरा. साडेतीन फूट बाय साडेतीन फूट पुरतो. पण त्यात हवा खेळायला पंखा हवाच, नाहीतर एप्रिलमध्ये दहा मिनिटांत माणूस घामाघूम होऊन बाहेर येतो आणि पुन्हा आत जात नाही, हॉलमध्येच बोलायला लागतो आणि तुमचा नकाशा कोलमडतो. पंखा बूथच्या डोक्यावर थेट न बसवता चार-पाच फूट पाइप लावून लांब बसवा, घरघर कमी होते.

वेळेचाही नकाशा असतो

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे त्यांच्या उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि त्यांच्या हिवाळ्यात साडेसात, कारण ते घड्याळ तासाने पुढे-मागे करतात. म्हणजे टेकवाल्यांचे कॉल नेमके तेव्हा सुरू होतात जेव्हा बाकीच्या ऑफिसांत दिवे मालवतात. बूथ दिवसभर रिकामे आणि सात वाजता रांग, हे ठरलेलं. त्यामुळे संध्याकाळी मधला भाग बोलका करून टाका, तशी वेळच लावा, आणि रेकॉर्डिंगचं बुकिंग सकाळी ८ ते १२ मध्येच द्या. त्याला दुसरंही कारण आहे. गणपतीच्या आधी दीड-दोन महिने ढोल-ताशा पथकांचा सराव संध्याकाळी सुरू होतो, आणि नदीपात्राजवळ किंवा एखाद्या मोकळ्या मैदानाशेजारी जागा असेल तर कितीही बोर्ड ठोका, ढोलाचा खालचा सूर भिंतीतून येतोच. मला स्वतःला ढोल आवडतो, पण तो पॉडकास्टमध्ये नको.

जागा निवडताना हे आधीच बघा. संध्याकाळी जाऊन बघा, नुसतं रविवारी दुपारी एजंटबरोबर नको. पेठांत भाडं आणि वातावरण दोन्ही मोहात पाडतं, पण विसर्जनाला लक्ष्मी रोड, टिळक रोड, केळकर रोड, कुमठेकर रोड बंद, तेव्हा दोन दिवस तुमचंही बंद धरा. जुना वाडा मिळाला तर त्याच्या जाड भिंती उन्हाळ्यात गार राहतात आणि आवाजही अडवतात, मात्र त्याच भिंती वायफायही अडवतात, प्रत्येक खोलीत वायफाय देणारा वेगळा डबा म्हणजे अॅक्सेस पॉइंट लागतो, शिवाय माळवदावर तीस माणसं आणि फर्निचर चढवायच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. मला विचाराल तर वनाझ-रामवाडी मेट्रोपासून चालत येता येईल अशी कर्वे रोड, एरंडवणे, डेक्कनकडची गल्ली उत्तम, कारण कोवर्किंगमध्ये येणारा माणूस हिंजवडीचा ट्रॅफिक टाळायलाच येतो, तो तीन-चार किलोमीटरच्या पलीकडून फारसा येणार नाही. आणि दुचाकी पार्किंग! तीस सीट म्हणजे वीस-बावीस गाड्या तरी धराच, खाली जागा नसेल तर सोसायटीशी रोजचं भांडण ठरलेलं.

वीज, आणि गुरुवार

पुणेकराला सांगायला नको की गुरुवार म्हणजे महावितरणच्या देखभालीचा दिवस, आणि बऱ्याचदा पालिकेचं पाणीही त्याच दिवशी बंद. बाहेरून आलेले डिझायनर हे धरतच नाहीत. बॅकअपचा हिशोब असा करा: लॅपटॉप ६५ वॅटचा, तीस लॅपटॉप म्हणजे जवळपास २ किलोवॅट. एडिटिंगचे चार डेस्कटॉप ६०० वॅटने धरले तर २.४ किलोवॅट. दिवे, पंखे, नेटवर्क मिळून अजून एक. हे सगळं तीन तास चालवायचं तर बॅटऱ्यांची खोलीच लागेल. पण लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते की, त्याला बॅकअप कशाला. इन्व्हर्टरवर राउटर, दिवे, पंखे आणि डेस्कटॉप एवढंच ठेवा, त्यांचे सॉकेट लाल रंगाचे करा, बाकीचे पांढरे. लाल सॉकेटात कोणी इस्त्री किंवा केटल लावली की काय होतं ते एकदा कळतंच सगळ्यांना. एसी बॅकअपवर नको, जनरेटर सोसायटी लावू देत नाही.

दर डेस्कला तीन सॉकेट द्या, त्यातला एक तरी टेबलाच्या वर, कारण टेबलाखाली वाकून चार्जर लावणं हा रोजचा वैताग आहे. वायरिंगचं सामान तपकीर गल्लीत मिळतं आणि स्वस्तही मिळतं, पण एमसीबी (लोड जास्त झाला की पडणारा स्विच), आरसीसीबी (वीज गळली की पडणारा) आणि अर्थिंग यात घासाघीस करू नका. जुन्या इमारतीत अर्थिंगचा पिन नुसता शोभेला असतो, इलेक्ट्रिशियनला मीटर लावून दाखवायला सांगा. महावितरणने मंजूर केलेला लोडही बघा, कमी असेल तर एसी आल्यावर मेन एमसीबी पडत राहील. आग विझवायचं सिलिंडर मशिनांजवळ कार्बन डायऑक्साइडचं ठेवा, पावडरचं मारलंत तर आग विझते आणि कॉम्प्युटरही जातो.

इंटरनेट

दोन कंपन्यांची कनेक्शनं घ्या, हे सगळेच सांगतात. सांगत नाहीत ते हे की दोन्ही केबल एकाच खांबावरून येत असतील तर एक कनेक्शन घेतल्यासारखंच आहे, रस्ता खोदला की दोन्ही जातात, आणि पुण्यात रस्ता कधी खोदला जात नाही? तेव्हा केबल कुठून येते ते गच्चीवर जाऊन डोळ्यांनी बघा. एक बंद पडलं की दुसऱ्यावर आपोआप जाणारा राउटर घ्या.

क्रिएटिव्ह लोकांना डाउनलोडपेक्षा अपलोड लागतो. ५० जीबीची व्हिडिओ फाइल ५० एमबीपीएस अपलोडने चढवायला सव्वादोन तास लागतात, ३०० ने बावीस-तेवीस मिनिटं. म्हणून प्लॅन घेताना दोन्ही बाजूंचा स्पीड सारखा आहे का विचारा. आणि एकाच्या अपलोडमुळे दहा जणांचा कॉल अडकू नये म्हणून राउटरवर माणशी मर्यादा लावा. एडिटरच्या डेस्कला नेटची कॅट सिक्सची वायरच द्या. वायफायचे अॅक्सेस पॉइंट छताला, वीस-पंचवीस माणसांमागे एक. पाहुण्यांचं नेटवर्क वेगळं, पासवर्ड फळ्यावर लिहून ठेवलात तरी चालेल असं.

उजेड आणि हवा

टेबलावर ३०० ते ५०० लक्स (उजेडाचं माप) पुरे, फोनमधल्या अॅपने अंदाज येतो. लोंबणारे पिवळे बल्ब पॅन्ट्रीत लावा, कामाच्या टेबलांवर ४००० केल्विनचे म्हणजे ना पिवळे ना निळसर, आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वरचे एलईडी घ्या, नाहीतर इलस्ट्रेटरचा लाल छापून आल्यावर विटकरी दिसतो आणि ती तुम्हाला बोल लावते. स्क्रीन खिडकीला काटकोनात ठेवा. कलर करेक्शनच्या खोलीत भिंती करड्या रंगवा, उगाच पिवळा, मोरपंखी नको, भिंतीचा रंग डोळ्याला फसवतो. उत्तरेचा उजेड बराचसा वर्षभर सारखा मिळतो, फक्त मेच्या मध्यात पुण्यात शून्य सावली दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य थोडा उत्तरेला असतो, पण तोवर ढग आलेले असतात. खरा शत्रू पश्चिमेची खिडकी. तिथे बाहेरून चिक म्हणजे बांबूचा पडदा किंवा जाळी लावा, आतला पडदा उशिरा येतो, ऊन काचेतून आत आलेलं असतं.

वरचा मजला असेल तर गच्चीला चायना मोझाइक म्हणजे पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचा थर किंवा पांढरा कोट मारून घ्या, एसीचं बिल उतरेल. पंखे काढून टाकायची फॅशन आहे, काढू नका. पंखा चालू असेल तर २६-२७ वर एसी सगळ्यांना झेपतो, आणि पुण्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी एसी फारसा लागत नाही. बंद मीटिंग रूममध्ये मात्र स्प्लिट एसी तीच हवा फिरवत राहतो, सहा माणसं तासभर बसली की जांभया सुरू होतात, त्याला एक छोटा एक्झॉस्ट आणि ताजी हवा यायला दुसरीकडून जाळी एवढं पुरतं.

फर्निचर, ओले रेनकोट, पॅन्ट्री

डेस्क चार बाय दोन फूट, एडिटरला पाच बाय अडीच, उंची साधारण २९ इंच. पाठीला पाठ लावून बसणाऱ्या दोन रांगांत टेबलाच्या कडेपासून कडेपर्यंत सहा फूट सोडा. खुर्चीवर खर्च करा, टेबलावर नको. कंपन्या ऑफिस हलवतात तेव्हा चांगल्या खुर्च्या सेकंडहँड निघतात, गॅस लिफ्ट आणि चाकं तपासून घ्या, बसून बघा, दहा मिनिटं तरी बसा. दारात पायरी असेल तर उतार एकास बारा या हिशोबाने, म्हणजे सहा इंच पायरीला सहा फूट, आणि दार तीन फुटी.

जुलैत काय होतं माहितीये, वीस माणसं वीस ओले रेनकोट आणि हेल्मेट घेऊन आत येतात आणि ते खुर्च्यांच्या पाठीवर लटकतात, खाली तळी, आणि दुपारपर्यंत कुबट वास. दाराबाहेर किंवा आत लगेच एक पाच फुटी स्टीलचा दांडा, खाली उथळ ट्रे, वर हेल्मेटला फळी आणि एक छोटा पंखा. कुठल्याही इंटिरियरच्या प्लॅनमध्ये हे मी अजून बघितलेलं नाही.

पॅन्ट्रीत महागडं कॉफी मशीन ठेवायचं माझ्या मते काही कारण नाही, खाली अमृततुल्य असेल तर लोक तिकडेच जाणार आणि जाऊ द्या, कोडर आणि इलस्ट्रेटरची पहिली ओळख तिथेच होते. वर हवं एक उंच मोठं टेबल, मायक्रोवेव्ह, पाण्याची टाकी (गुरुवार लक्षात ठेवा) आणि जोरदार एक्झॉस्ट. वासावरून नॉनव्हेज बंदी वगैरे घालू नका, दोनशे माणसांच्या सोसायटीत ती भांडणं कमी नाहीत. एक्झॉस्ट लावा आणि एक पाटी: "मायक्रोवेव्हमध्ये बोंबील गरम केल्यास सर्वांना वाढावेत." मुक्या खोलीच्या दारावर: "फोन आला की बाहेर जा. फोन महत्त्वाचा असेल तर आधीच बाहेर जा." वीस कलमी नियमावली कोणी वाचत नाही, पाटी वाचतात, फोटो काढून पाठवतातसुद्धा.

कागद आणि पैसे

लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृतच हवा, महाराष्ट्रात तो कायदाच आहे. फ्लॅट असेल तर आधी सोसायटीची परवानगी लेखी घ्या आणि विजेचं मीटर व्यावसायिक करून घ्या. नोकर थोडे असतील तर शॉप अॅक्टखाली नुसती ऑनलाइन सूचना पुरते, जास्त असतील तर नोंदणी. सीटच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी, वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी लागते. मालकाकडे काम चालू असतानाच्या काळाचं भाडं माफ मागा, सहसा मिळतं, न मागता कोणी देत नाही.

दर ठरवताना लोक सगळ्या सीट भरल्या असं धरतात, तिथेच बुडतात. उदाहरण म्हणून आकडे घ्या, तुमचे तुम्ही घाला: भाडं १,४४,०००, वीज ४०,०००, नेट १५,०००, पगार ६०,०००, सफाई-चहा-किरकोळ २०,०००, एकूण २,७९,०००. तीस सीटला भागलं तर ९,३०० पडतात, पण वीसच भरल्या तर १३,९५०. म्हणजे दहा हजार दर लावून तुम्ही वीस सीटवर दर महिन्याला एकोणऐंशी हजार घालताय. ही तूट मीटिंग रूम आणि रेकॉर्डिंगची खोली तासावर देऊन भरून काढायची असते, म्हणून ती खोली नीट बांधा, बाकी ठिकाणी काटकसर करा.

आणि पहिल्या दिवशी सगळं फिक्स करू नका. वायरिंग, नेटवर्क आणि मुक्या खोलीच्या भिंती पूर्ण करा, डेस्क वीसच टाका, मधल्या भागातली पार्टिशनं तीन महिने थांबवा. लोक खुर्च्या कुठे ओढून नेतात, फोनवर बोलायला कुठल्या जिन्यात उभे राहतात ते बघत जा, आणि उरलेल्या कामाला सुतार त्यानंतर बोलवा.